नापास गाडी

माझ्या दादाची, हरिचंद्रची, नोकरीच मुळी लोकांचं काम नापास करायची होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तो चेकर. कारागीर दिवसभर लेथवर उभे राहून पार्ट काढायचे आणि हा माप लावून, एक डोळा बारीक करून म्हणायचा, "नाही चालणार." की त्या पार्टावर लाल रंगाचा ठिपका. एकदा ठिपका पडला की मग मॅनेजर येवो नाहीतर मालक येवो, दादा कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही. कारागीर त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण त्याने पास केलेला माल कधी परत आला नाही, हेही तेच लोक सांगायचे.

बरं, कंपनीत करतोस ते कर ना! हा घरीही तेच. मी भाकरी वाढली की उचलून उजेडात धरणार. "उमा, ही एका अंगाने जाड आहे." अरे, तुला खायचीय की भिंतीवर लावायचीय? लग्नाची स्थळं आली, तीही सगळी नापास. एकीचं बोलणं फार, एकीचं घर लांब, आणि एकीत काहीच खोट निघेना तर म्हणे, "इतकं नीट कसं असेल? काहीतरी लपवतायत." शेवटी आईने हात टेकले. "ऱ्हा तसाच. तुझ्या मापाची बायको अजून कुनी घडवली न्हाय," म्हणाली. त्यामुळे बदलापूरला, कुळगावातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघंच राहायचो, आई, दादा आणि मी. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पात जीन्स शिवायला जायचे. नगावर मजुरी. शिलाई जरा वाकडी गेली तरी पुढचा नग घे, हा माझा धंदा. आणि थांब, बघू दे, हा त्याचा. आमचं दोघांचं जमणार कसं, तुम्हीच सांगा.

आमचे वडील लवकर गेले. आईने खाणीवर खडी फोडून आम्हाला वाढवलं. दादा आयटीआय झाला तो तिच्या खडीवर, आणि त्याच खडीची धूळ तिच्या छातीत जाऊन बसली. उतारवयात दमा लागला. एरवी आमची चांगुणाबाई खमकी, नळावरच्या भांडणात सगळ्यांच्या पुढे. पण दम लागला की ओट्याला धरून उभी राहायची, खांदे वर-खाली, आणि छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. तो आवाज आला की मी आणि दादा भांडण आहे तिथे टाकून तिच्याकडे धावायचो.

एकदा असाच दम लागला आणि गोळीने बसेना. त्यात नेमका रिक्षावाल्यांचा संप. शेजारच्या कोंडाजीने त्याची भाजीची हातगाडी रिकामी केली, आईला तिच्यावर बसवलं आणि आम्ही ढकलत ढकलत गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दम बसला. मग दादाला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला माझ्या इंजेक्शनने भागेल असं वाटत नाही. सरळ उल्हासनगरला न्या, तिथे ऑक्सिजन आहे. वाटेत वेळ घालवू नका." आईच्या लुगड्याला कोथिंबिरीच्या काड्या चिकटल्या होत्या, त्या दादा एकेक करून काढत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "आईला परत हातगाडीवर नाही न्यायची. मी गाडी घेणार."

मी हसले. म्हटलं, हा साधी चप्पल घ्यायला गेला तर दुकानदाराला रडवतो, गाडी काय घेणार! पण अठ्ठ्याऐंशी साली गाडी खरंच आली. जुनी फियाट, मुंबईत टॅक्सी म्हणून झिजून झिजून निवृत्त झालेली. वरून दुधी रंग मारलेला, पण दार उघडलं की आतल्या कडेला काळा-पिवळा डोकवायचा. उल्हासनगरच्या हासूभाईने ती मिळवून दिली होती. हासूभाई म्हणजे कॅम्पातला सिंधी मेकॅनिक, पोट सुटलेला, तोंडात सतत काहीतरी चघळणारा. दादाला "साईं" म्हणायचा आणि वैतागला की त्याच गोड आवाजात शिव्याही द्यायचा. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "साईं, बुढी गाडी है. जितना कम छेडेगा उतना चलेगी."

आता दादा आणि न छेडणार? काय बोलता!

गाडीही तशी अवदसाच होती म्हणा. शहाडला क्लचची वायर तुटली. मग रेडिएटर उकळला. मग सेल्फ गेला, म्हणून ती रोज उतारावर तोंड करून लावायची आणि सकाळी कोंडाजीसकट अख्ख्या आळीने धक्का द्यायचा. पोरंसोरं तर त्यासाठी दात न घासता येऊन थांबायची. मागचं एक दार वळणावर आपोआप उघडायचं, ते आईने परकराच्या नाडीने आतून बांधून टाकलं. "हरीची मोटार नाडीवर चालती," असं ती नळावर सगळ्यांना सांगायची. हसत सांगायची, पण खोलीतून गाडी दिसेल अशीच तिची बसायची जागा होती. पोराने आपल्यासाठी मोटार घेतली, हे तिच्या चेहऱ्यावरून उतरायचं नाही.

हासूभाई दुरुस्ती करायचा ती पुरेशी असायची. गाडी चालायची. पण पुरेशी म्हणजे दादाच्या लेखी नापास. रविवार उजाडला की हा बॉनेट उघडून बसला. हासूभाईने बसवलेली वस्तू काढायची, माप लावायचं, मान हलवायची आणि तिच्यावर लाल ठिपका देऊन सोमवारी ती हासूभाईच्या टेबलावर ठेवायची. हासूभाईने एकदा कपाळावर हात मारून घेतला. "साईं, तेरे को गाडी चलानी है या पास करनी है?" गॅरेजमधले सगळे हसले. दादा हसला नाही. म्हणाला, "दोन्ही."

खरी आग लागली ती दिवाळीनंतर. गाडी दोन महिने कुरकुर न करता धावत होती. एका रविवारी दादाला कसलीशी घरघर ऐकू आली, आम्हाला कोणाला नाही, आणि त्याने कार्बोरेटर खोलून आमच्या जेवायच्या ताटात मांडला. त्याच दुपारी आईला दम लागला. ती शिट्टी ऐकली आणि आम्ही दोघांनी आधी त्या ताटाकडे पाहिलं. अंगणात गाडी उभी, आणि तिचं काळीज ताटात! मी अनवाणी स्टेशनपर्यंत पळत गेले, नशिबाने रिक्षा मिळाली. कॅम्पातल्या दवाखान्यात आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला तेव्हा कुठे मला कळलं की माझ्या पायांत चप्पल नाही.

त्या संध्याकाळी मी दादाला सोडला नाही. दवाखान्याच्या जिन्यातच सुरू झाले. "चालती गाडी कशाला खोललीस? कोणासाठी घेतलीस ही गाडी? आईसाठी की तुझ्या त्या मापांसाठी?" येणारे-जाणारे थांबून बघत होते. मला काय त्याचं! दादा भिंतीला टेकून ऐकत होता. म्हणाला, "उमा, ऐन वेळेला दगा देऊ नये म्हणून खोलली गं." आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच तर माझं दुखणं होतं. मी आईची शपथ घालून कबूल करून घेतलं की यापुढे हासूभाईला विचारल्याशिवाय तो गाडीला हात लावणार नाही.

शब्द पाळला त्याने. हासूभाईने नवा सेल्फ बसवला, सगळं एकदा नीट बघितलं. इंजिनातून टक-टक असा आवाज यायचा, तो तेवढा राहिला. दादाने त्याबद्दल विचारलं तर हासूभाई म्हणाला, "टॅपेट है, बजने दो. बजता है मतलब जिंदा है. और सुन, ये गरम हो जाए तो रास्ते में बंद मत करना. पेट्रोल चढता नहीं फिर. हाथ जोडेगा तो भी स्टार्ट नहीं होगी, जब तक ठंडी नहीं होती." दादा मान डोलवून घरी आला. पण रविवारी तो गाडीशेजारी स्टूल टाकून बसायचा, हात मांडीखाली दाबून, आणि नुसता ऐकायचा. मला त्याची दयाही यायची आणि भीतीही वाटायची.

मग तो मे महिना आला. नव्वद साल. रविवारची दुपार होती, ऊन नुसतं भाजून काढत होतं. समोरच्या बनूबाईने वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या. तिचीही चूक नाही, सगळ्या आळीत त्या दिवसांत तेच चालतं. पण मिरच्यांच्या धुराचा खाट आमच्या दारातून आत शिरला आणि आई खोकायला लागली. खोकला थांबला तर शिट्टी सुरू झाली. मी गोळी दिली, पाठ चोळली, खिडक्या लावल्या. तिच्या ओठांचा रंग बदलायला लागला. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी आत रुतली.

"दादा, गाडी!"

दादाने आईला उचललं, मागच्या सीटवर माझ्याजवळ बसवलं. चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. खरं सांगते, मला रडू आलं. दोन वर्षं जिच्या नावाने शिव्या दिल्या, ती अगदी वेळेला उठून उभी राहिली होती. कोंडाजी धक्का द्यायला धावत आला होता, तो हात वर करून म्हणाला, "जा, जा, पळव!" कुळगाव मागे पडलं. काच खाली होती, गरम वारा तोंडावर येत होता. मी आईला म्हणत होते, "आलंच आई, हे बघ, अंबरनाथ आलंच." आई काही बोलू शकत नव्हती, पण तिने मान हलवली.

चिखलोलीच्या अलीकडे दादाचं डोकं एका बाजूला कललं. मला पाठीमागून दिसलं ते. तसं कललेलं डोकं मी ओळखत होते.

"आवाज बदललाय," तो म्हणाला.

"रोजचाच आहे. चालव तू."

"रोजचा नाही, उमा. टॅपेट नाही हे. बेअरिंग असेल तर इंजिन जाम होईल. जाम झालं तर आईला घेऊन कुठे जाणार आपण? एक मिनिट बघतो फक्त."

"दादा, चालतीय ना ती? चालव!"

"एकच मिनिट."

"दादा, तुझ्या पाया पडते, चालव रे!"

गाडी कडेला लागली. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. आणि इंजिन बंद झाल्याबरोबर आईच्या छातीतली ती शिट्टी गाडीभर ऐकू यायला लागली.

दादा खाली उतरून बॉनेटमध्ये वाकला. तेलाची पट्टी काढून बघितली, पुसली, परत बघितली. पट्टा चाचपला. मी आत बसून ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे सांगण्यासारखं नसेल. बॉनेट धाडकन खाली पडलं. दादा आत आला. "काही नाही. सगळं ठीक आहे," म्हणाला. त्याच्या तोंडावर एक क्षण समाधानही होतं हो! एका क्षणापुरतं, पण मी पाहिलं.

मग त्याने चावी फिरवली. गुर्र, गुर्र, गुर्र. पुन्हा फिरवली. सेल्फ फिरत होता आणि इंजिन धरत नव्हतं. दादाची मान हळूहळू लाल झाली. हासूभाईचं बोलणं त्याला आणि मला एकाच वेळी आठवलं असणार, कारण त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. आम्ही दोघांनी उतरून धक्का दिला. सपाट रस्ता, वरून ऊन, आत आई. गाडी ढकलली जात होती, पण पेटत नव्हती. दादा ढकलता ढकलता "चल ना, चल ना गं" असं म्हणत होता. माझे तळवे पत्र्याला भाजले.

कलिंगडांनी भरलेला एक टेम्पो आला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. ड्रायव्हरने शिवी हासडली, मग आईला पाहिलं आणि क्लीनरला मागे पाठवून पुढची सीट रिकामी करून दिली. दादा आईला उचलून चढवायला लागला तेव्हा मी त्याचा हात झटकला. "तू राहा इथेच. बस तुझी गाडी तपासत." टेम्पो निघाला तेव्हा तो तिथेच उभा होता, हातात तेलाचं फडकं घेऊन.

दवाखान्यात पोचेपर्यंत आईची नजर फिरत चालली होती. डॉक्टरांनी मास्क लावला, सुई लावली, मला बाहेर काढलं. थोड्या वेळाने येऊन म्हणाले, "उशीर झालाय. पण बघू." मागून कोंडाजी आला, बनूबाई रडत आली. सगळ्यांना मी एकच सांगितलं, गाडी बंद पडली. बनूबाई म्हणाली, "मेली ती गाडी, जळो तिचं तोंड!" घरातली गोष्ट बाहेर कशाला? आणि शिवाय, तो माझा दादा होता.

दादा दिवेलागणीला आला, गाडी घेऊनच. इंजिनाला पेट्रोल चढवणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवून बसला होता म्हणे. गार झाल्यावर ती पहिल्या झटक्यात सुरू झाली. तो आईच्या खाटेपाशी उभा राहिला, काळे हात पाठीमागे लपवून. आईला जरा शुद्ध आली होती. तिने मास्क बाजूला केला. मी म्हटलं, "आई, बोलू नकोस." ती कुठली ऐकते!

"हरी, गाडी बंद पडली व्हती ना रं?" तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "लई घाबरला असशील."

"हो आई, बंदच पडली," मी घाईघाईने म्हटलं. "गरम झाली ना उन्हाने."

"नाही आई," दादा म्हणाला. "चांगली चालत होती. मी बंद केली."

त्या क्षणी मला त्याच्या एक थोबाडीत मारावीशी वाटली. अरे, जन्मभर सगळं नापास केलंस, एवढं एक खोटं तरी पास करायचं होतंस! तिला दिलासा मिळाला असता, तुलाही मिळाला असता. पण तो दादा होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि तो तिथेच मोडून पडेल. तिने दोन-चार श्वास गोळा केले.

"बरं," ती म्हणाली. "मंग घरी नेताना नगं थांबवूस."

आणि मास्क आपल्या हाताने परत लावून घेतला.

दोन दिवस ती होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. वेळेवर आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. दादाने विचारलं असेल, त्याला विचारल्याशिवाय राहवणार नाही. पण त्याने मला सांगितलं नाही आणि मीही खोदून काढलं नाही. माझा राग गेला नव्हता. आजही कधीकधी मे महिन्याच्या उन्हात तो उसळून येतो.

कोंडाजी म्हणाला, टेम्पो बघू या. दादा म्हणाला, "नको. गाडी आहे." आईला आम्ही मागच्या सीटवर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. कोंडाजी पुढे बसला. गाडी सुरू झाली. उल्हासनगर गेलं, अंबरनाथ गेलं. चिखलोली मागे पडलं आणि टक-टक वाढली. मग खाली कुठेतरी काहीतरी घासायला लागलं, आणि मग असा खडखडाट सुरू झाला की कोंडाजीसुद्धा वळून दादाकडे बघायला लागला. "हरिचंद्र, बघायचं का रे जरा?" तो हळूच म्हणाला.

दादाचं डोकं एका बाजूला कललं होतं. तो ऐकत होता, सगळं ऐकत होता. स्टिअरिंगवर त्याच्या बोटांची हाडं पांढरी झाली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो पुसतही नव्हता. पण अॅक्सिलरेटरवरचा पाय काही त्याने उचलला नाही.

"नाही थांबवत गं आई," तो म्हणाला. "नाही थांबवत."